पाव सेकंदाच्या अलीकडे: एकनाथ सोलकरचे झेल आणि उघड्या हातांचं विज्ञान

ऑगस्ट १९७१. लंडनचं ओव्हल मैदान. इंग्लंडचा दुसरा डाव घसरायला लागला आहे, पण ॲलन नॉट अजून मैदानात आहे. पहिल्या डावात त्याने ९० धावा काढल्या होत्या, त्यामुळे तो असेपर्यंत सामना कोणाचाच नाही. वेंकटराघवनचा चेंडू नॉट पुढे सरसावून अडवतो. चेंडू हलकेच उडतो आणि खेळपट्टीवर पडायला निघतो. फॉरवर्ड शॉर्ट लेगला वाकून उभा असलेला एकनाथ सोलकर पोटावर झेपावतो आणि जमिनीपासून काही इंचांवर तो चेंडू उचलतो. नॉट बाद, एक धाव.

त्याआधी चंद्रशेखरच्या गोलंदाजीवर कीथ फ्लेचरला शून्यावर परत पाठवणारा झेलही सोलकरचाच होता. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, भारताने १७३ धावांचं लक्ष्य चार गडी राखून गाठलं आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच कसोटी सामना आणि मालिका जिंकली. नॉटच्या झेलाचं छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी घरातल्या जुन्या क्रीडा मासिकात पाहिलेलं असेल.

या झेलांविषयी बोलताना एक वाक्य हमखास येतं: "काय रिफ्लेक्सेस होते त्याचे!" आजचा लेख या वाक्याबद्दल आहे. कारण मज्जासंस्थेचा अभ्यास आणि साधं गणित दोन्ही सांगतात, की सोलकरची कमाल त्याच्या प्रतिक्षिप्त वेगात नसावी. ती दुसरीकडेच कुठेतरी आहे.

आधी एक फूटपट्टी घ्या

हा प्रयोग घरी करून बघा. तीस सेंटिमीटरची पट्टी दुसऱ्या कुणाला तरी वरच्या टोकाला धरून उभी लटकवायला सांगा. तुमचा अंगठा आणि तर्जनी शून्याच्या खुणेपाशी, पट्टीला न लावता, उघडी ठेवा. समोरच्याने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही चिमटीत पकडायची. पट्टी जितकी सेंटिमीटर घसरली, त्यावरून तुमचा प्रतिक्रिया-काळ निघतो. पंधरा सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.१७ सेकंद, वीस म्हणजे ०.२०, पंचवीस म्हणजे ०.२३ सेकंद. बहुतेक सगळे याच पट्ट्यात येतात. सराव करून थोडासा फरक पडतो, पण निम्मा वेळ काही कुणाला करता येत नाही.

का नाही? डोळ्याच्या पडद्यावर पडलेल्या प्रकाशाचं विद्युत संदेशात रूपांतर व्हायला वेळ लागतो. तो संदेश मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या दृष्टिकेंद्रापर्यंत जातो, तिथून निर्णय, मग हालचालीचं केंद्र, मग मज्जारज्जू, मग हाताचे स्नायू, आणि स्नायूंनाही आकुंचन पावायला वेळ लागतो. प्रत्येक टप्प्यावर काही सहस्रांश सेकंद जातात. एकूण हिशोब ०.२ सेकंदाच्या आसपास येऊन थांबतो. आणि ही वेळ "पट्टी पडली की पकड" इतक्या सोप्या कामाची आहे. पर्याय वाढले की वेळ आणखी वाढतो. डावीकडे की उजवीकडे, वर की खाली, हे ठरवायचं असेल तर ०.२ सेकंदात भागत नाही.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. समोरच्याला "तीन, दोन, एक" असं एका लयीत मोजून पट्टी सोडायला सांगा. आता पाच-सहा सेंटिमीटरवरच तुम्ही ती पकडाल, कधीकधी तर सुटायच्या आधीच बोटं मिटतील. तुमच्या नसा एका मिनिटात वेगवान झाल्या नाहीत. पट्टी कधी सुटणार हे तुम्हाला आधीच कळलं, एवढंच. सोलकरच्या झेलांचं मूळ या दुसऱ्या भागात आहे.

ती जागा

क्रिकेट न बघणाऱ्यांसाठी: फॉरवर्ड शॉर्ट लेग म्हणजे फलंदाजाच्या पायांच्या बाजूला, त्याच्या किंचित पुढे, बॅटपासून जेमतेम दोन-तीन मीटरवर उभा असलेला क्षेत्ररक्षक. फिरकी गोलंदाज असेल तर तो इतका जवळ असतो, की फलंदाजाचा श्वासही ऐकू यावा.

बॅट-पॅडला लागून उडालेला चेंडू ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने आला असं धरू. अडीच मीटर अंतर कापायला त्याला ०.१७ सेकंद लागतात. फलंदाजाने जोरात फटका मारला आणि चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने आला, तर ०.०८ सेकंद. पट्टीच्या प्रयोगातला तुमचा आकडा आठवा. चेंडू बॅटीला लागल्यावर तो बघून, ठरवून, हात हलवायचा असेल, तर दोन्ही वेळा उशीर झालेला आहे. पहिल्या वेळी थोडक्यात, दुसऱ्या वेळी फार.

तरीही सोलकरने २७ कसोटी सामन्यांत ५३ झेल घेतले. सामन्यामागे जवळजवळ दोन. वीसपेक्षा जास्त कसोटी खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंमध्ये ही सरासरी सर्वांत वरची समजली जाते. तुलनेसाठी: स्लिपमधला नावाजलेला बॉब सिम्पसन ६२ सामन्यांत ११०, राहुल द्रविड १६४ सामन्यांत २१०. मार्च १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारताने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं, त्या एका सामन्यात सोलकरचे सहा झेल होते.

मेंदू पुढे बघतो

ऑक्सफर्डमधले मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लिओड यांनी १९८७ मध्ये एक फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मॅटिंगच्या खाली लाकडी अर्धगोल काड्या टाकल्या. त्यामुळे टप्पा पडल्यावर चेंडू कुठल्या बाजूला वळेल याचा काही नेम राहिला नाही. समोर उभे होते अव्वल दर्जाचे फलंदाज. वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केल्यावर दिसलं, की चेंडू वळल्यानंतर सुमारे ०.२ सेकंद त्यांची बॅट जुन्याच मार्गावर चालू राहते. त्यानंतरच ती दिशा बदलते. म्हणजे हा अनपेक्षित बदल टिपायला कसोटी दर्जाच्या फलंदाजाला तुमच्या-माझ्याइतकाच वेळ लागतो.

मग ते मोठे खेळाडू कशामुळे? मायकल लँड यांच्याबरोबर मॅक्लिओड यांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेचा मागोवा घेतला. नजर चेंडूला चिकटून येत नाही असं त्यांना आढळलं. हातातून सुटलेला चेंडू क्षणभर पाहून ती पुढे उडी मारते आणि चेंडू जिथे टप्पा पडणार तिथे आधीच जाऊन थांबते. चांगला फलंदाज ही उडी लवकर मारतो. ऑस्ट्रेलियातले ब्रूस ॲबरनेथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रफीत मध्येच बंद करून खेळाडूंना "पुढे काय होईल?" असं विचारण्याचे प्रयोग केले. निष्णात खेळाडूंना गोलंदाजाच्या हाताच्या आणि मनगटाच्या ठेवणीवरून, चेंडू सुटायच्याही आधी, बरंच काही कळतं असं त्यांतून दिसलं.

शॉर्ट लेगच्या क्षेत्ररक्षकाला हे सगळं लागू होतं, आणि त्याच्याकडे फलंदाजापेक्षा एक जास्तीची खिडकी असते: खुद्द फलंदाज. फिरकीचा चेंडू ताशी ८० किलोमीटर वेगाने आला, तर हातातून सुटल्यापासून बॅटीपर्यंत जवळजवळ ०.८ सेकंद लागतात. प्रतिक्रिया-काळाच्या चौपट. या वेळात गोलंदाजाचा हात दिसतो, चेंडूची उंची आणि दिशा दिसते, फलंदाजाचा पुढचा पाय कुठे पडतो ते दिसतं, बॅट पॅडला चिकटून येते आहे की आडवी फिरते आहे ते दिसतं. प्रत्येक खुणेबरोबर शक्यता कमी होत जातात. पाय पुढे आला, बॅट सरळ आणि मऊ हाताने आली, म्हणजे चेंडू आता एका अरुंद पंख्याएवढ्या जागेतच येऊ शकतो. पर्याय कमी झाले की निर्णयाचा वेळही घटतो. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो.

म्हणून शॉर्ट लेगचा झेल ०.१७ सेकंदात घेतलेला नसतो. तो एका सेकंदात घेतलेला असतो. आपल्याला त्यातला शेवटचा तुकडा तेवढा दिसतो.

पडणाऱ्या चेंडूशी शर्यत

नॉटच्या झेलासारखे झेल वेगळ्या कारणाने अवघड असतात. तिथे चेंडू वेगाने अंगावर येत नाही, तो हळूच पुढे पडतो. इथे वैरी आहे गुरुत्वाकर्षण.

समजा, चेंडू पॅडला लागून अर्ध्या मीटर उंचीवरून पडायला निघाला. जमिनीवर यायला त्याला सुमारे ०.३२ सेकंद लागतील. समजा, तो क्षेत्ररक्षकापासून दोन मीटर पुढे पडणार आहे. हात पूर्ण लांबवला तर सत्तर सेंटिमीटर मिळतात, उरलेले १.३ मीटर अंगाने कापायचे. चेंडू उडालेला पाहून मग निघालं, तर ०.२ सेकंद प्रतिक्रियेत जातात आणि हातात राहतात ०.१२ सेकंद. म्हणजे वाकलेल्या स्थितीतून सरासरी सेकंदाला जवळजवळ ११ मीटर वेग हवा. उसेन बोल्टच्या शंभर मीटरच्या विश्वविक्रमातला सरासरी वेग यापेक्षा किंचित कमी आहे. चेंडू बॅटीला लागतानाच शरीर सुटलेलं असेल, तर मात्र सेकंदाला चार मीटर पुरतात. हे माणसाला जमण्याजोगं आहे.

आणखी एक गंमत. तोल सोडून नुसतं पुढे पडल्याने काही साधत नाही. गुरुत्वाकर्षण माणसाला चेंडूपेक्षा जास्त वेगाने खाली ओढत नाही, आणि चेंडू तर आधीच निघालेला आहे. जिंकायचं असेल तर पायांनी जमिनीला मागे रेटा द्यावा लागतो, आणि तो रेटा देता यावा म्हणून आधीपासून गुडघे वाकलेले, टाचा किंचित उचललेल्या, वजन चवड्यांवर असावं लागतं. दिवसभरात पाचशे चेंडूंना असं पाचशे वेळा बसायचं, आणि त्यातले चारशे अठ्ठ्याण्णव तुमच्याकडे येणारही नाहीत. अशी शिस्त कुठल्याही धावफलकात दिसत नाही.

हिंदू जिमखान्यावरचा मुलगा

सोलकरचा जन्म १८ मार्च १९४८ चा, मुंबईचा. वडील मरीन लाइन्सच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखभाल करायचे आणि कुटुंब तिथेच राहायचं. मैदान हेच अंगण. हा मुलगा तिथल्या सामन्यांत धावफलकावरचे आकडे बदलायचं काम करायचा. पुढे तो भारतीय शालेय संघाचा कर्णधार झाला. १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला त्याचं कसोटी पदार्पण झालं.

"गरिबांचा सोबर्स" असं त्याला म्हणत, कारण डावखुरी फलंदाजी, डावखुरी मध्यमगती, डावखुरी फिरकी, सगळं थोडं थोडं यायचं. वानखेडेवर झालेल्या पहिल्यावहिल्या कसोटीत, १९७५ मध्ये, वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने शतकही केलं. पण बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या चौकडीच्या काळात त्याचं खरं ठिकाण फलंदाजाच्या खिशाजवळ होतं.

विज्ञानाच्या नजरेने या लहानपणाकडे बघितलं तर काय दिसतं? अंदाज बांधणारा मेंदू नियमांनी नाही, उदाहरणांनी तयार होतो. हजारो चेंडू, हजारो फलंदाज, "असा पाय पडला की तसा चेंडू जातो" याच्या हजारो जोड्या. फलकावर आकडे लावणाऱ्या पोराला प्रत्येक चेंडू बघावाच लागतो, तो कंटाळून पाठ फिरवू शकत नाही. याने सोलकर घडला असं सिद्ध करता येणार नाही. पण शिकणारा मेंदू ज्या खुराकावर वाढतो, तो त्याला पोटभर मिळाला एवढं नक्की म्हणता येईल.

समुद्रापलीकडचे भाऊबंद

आम्ही सौदीत राहणारे लोक दोन खेळांच्या मध्ये राहतो. पूर्वेला धहरानमध्ये अरामकोची वसाहत आहे. तिथल्या अमेरिकन कुटुंबांनी तेलाबरोबर बेसबॉलही रुजवला, आणि तिथल्या मुलांचा संघ पेन्सिल्व्हानियातल्या विल्यम्सपोर्टला होणाऱ्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये अनेकदा खेळून आला आहे. पश्चिमेला, मी राहते त्या तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर, शुक्रवारी संध्याकाळी मोकळ्या जागा क्रिकेटने भरतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर आयपीएलचा लिलावच जेद्दाहला झाला. त्यामुळे इथे चेंडू झेलण्याची चर्चा निघाली की कुणीतरी अमेरिकन सहकारी हमखास बेसबॉलच्या जुन्या खेळाडूंची नावं काढतो. ती ऐकण्यासारखी आहेत, कारण सोलकरचा प्रश्न त्यांच्याही पुढे होता.

बेसबॉलमध्ये चार तळांच्या चौकोनाजवळ उभे राहणारे ते इनफिल्डर. पहिला, दुसरा आणि तिसरा तळ सांभाळणारे तिघे, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप. ही शॉर्टस्टॉपची जागा १८५० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबमधल्या डॉक ॲडम्स नावाच्या डॉक्टरने काढली असं मानतात. त्या वेळचा चेंडू हलका होता, तो लांबून फेकला तर पोचायचा नाही, म्हणून मध्ये एक माणूस हवा होता.

चेंडू जड आणि टणक झाला तरी हात उघडेच राहिले. हातमोजा घालणं म्हणजे नाजूकपणा. १८७५ मध्ये सेंट लुईसच्या चार्ल्स वेटने मोजा घातला, तोही कातडीच्या रंगाचा, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. तरी त्याची टिंगल झालीच. पुढे अल्बर्ट स्पॉल्डिंगसारख्या नामवंताने काळा मोजा उघडपणे वापरला तेव्हा कुठे लाज गेली. स्पॉल्डिंगचं खेळाच्या साहित्याचं दुकान होतं हाही योगायोग नसावा.

पण सिनसिनाटीचा दुसऱ्या तळावरचा बिड मॅकफी काही बधला नाही. १८८२ पासून तो उघड्या हातांनी खेळला. हात मिठाच्या पाण्यात बुडवून कडक करायचा. १८८६ च्या हंगामात त्याने दुसऱ्या तळावर ५२९ गडी स्वतः बाद केले, तो विक्रम आजही उभा आहे. १८९६ मध्ये बोटाला दुखापत झाली म्हणून त्याने शेवटी मोजा घातला, आणि त्या वर्षी त्याने हजार संधींमागे ९७८ यशस्वी असा विक्रम केला. तो दोन दशकांहून जास्त टिकला. मोज्याने काय फरक पडतो याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो: माणूस तोच, जागा तीच, बदल एकच.

अंदाज बांधण्याच्या बाबतीतही या मंडळींनी नाव काढलं. १९ जुलै १९०९ ला क्लीव्हलंडचा शॉर्टस्टॉप नील बॉल याने बोस्टनविरुद्ध सरळ आलेला चेंडू झेलला, दुसऱ्या तळाला पाय लावून तो तळ सोडून पळालेल्याला बाद केलं आणि पहिल्या तळाहून धावत आलेल्याला चेंडूने स्पर्श केला. एकट्याने, एका दमात, तीन बाद. १० ऑक्टोबर १९२० ला क्लीव्हलंडच्याच बिल वॉम्बसगॅन्सने हेच वर्ल्ड सिरीजमध्ये केलं, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये ते पुन्हा कुणालाच जमलेलं नाही. दोन्ही वेळा पळणारे आधीच पळत सुटले होते. त्यांनीही अंदाजच बांधला होता, फक्त चुकीचा.

वेळेच्या बाबतीत मात्र सोलकरची जागा कठीण. तिसऱ्या तळापर्यंतचं अंतर २७.४ मीटर. ताशी १६० किलोमीटर वेगाने टोलवलेला चेंडूही तिथे पोचायला ०.६ सेकंदाहून जास्त घेतो.

हात मागे का घ्यायचे

आता दुखण्याचं गणित. बेसबॉलचा चेंडू सुमारे १४५ ग्रॅमचा. तो सेकंदाला ४० मीटर वेगाने आला, तर त्यात ११६ ज्यूल ऊर्जा असते. ती सगळी हाताने शोषायची. हात ताठ ठेवून पाच सेंटिमीटरमध्ये चेंडू थांबवला, तर सरासरी बल २,३०० न्यूटन, म्हणजे तळव्यावर दोन पोती तांदूळ ठेवण्याइतकं. हात मागे नेत पंचवीस सेंटिमीटरमध्ये थांबवला तर ते पाचपट कमी होतं. मोज्यातली गादी आणि चामड्याची जाळी हेच काम करतात: थांबण्याचं अंतर वाढवतात आणि बल मोठ्या पृष्ठभागावर पसरतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली ती विणलेली जाळी सेंट लुईसचा गोलंदाज बिल डोक याने सुचवली आणि रॉलिंग्ज कंपनीने १९२० च्या सुमारास बाजारात आणली.

क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक सोडून कुणालाच मोजा चालत नाही. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. शॉर्ट लेगला तो सेकंदाला १५ मीटर वेगाने आला, तर १८ ज्यूल. दोन सेंटिमीटरमध्ये थांबवला तर ९०० न्यूटन, बारा सेंटिमीटरमध्ये थांबवला तर १५०. पण इथे दुखण्यापेक्षाही महत्त्वाचा आहे वेळ. ताठ हातात चेंडू थांबायला जेमतेम ०.००३ सेकंद लागतात, तेवढ्यात बोटं मिटत नाहीत आणि चेंडू उसळून बाहेर जातो. हात बारा सेंटिमीटर मागे गेला तर ०.०१६ सेकंद मिळतात. "मऊ हात" असं प्रशिक्षक म्हणतात ते हेच. आणि गंमत अशी, की हात मागे न्यायचा तर तो आधी पुढे असला पाहिजे, म्हणजे पुन्हा आधीच निघालेला असला पाहिजे.

आमच्या इथल्या शुक्रवारच्या सामन्यांत टेनिसच्या चेंडूला विजेची टेप गुंडाळतात. नुसता टेनिस चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा, टेप धरून थोडा जास्त. म्हणजे त्याच वेगाला लेदरच्या चेंडूच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा. या मैदानांवर खेळणारे बरेचजण वेल्डर, सुतार, गाडीचालक, इलेक्ट्रिशियन. रविवारी सकाळी ड्यूटी असते आणि मोडलेल्या बोटाने पाना धरता येत नाही. लेदरचा चेंडू महाग पडतो हे खरंच, पण त्यांच्या चेंडूची निवड भौतिकशास्त्रालाही मान्य होईल अशी आहे.

जे अंदाजाने टळत नाही

या सगळ्यातून कुणी असा निष्कर्ष काढू नये, की पुरेसा सराव केला की शॉर्ट लेग सुरक्षित होतो. अंदाज म्हणजे शक्यतांचा हिशोब. फलंदाज पुढे येऊन अडवणार असं वाटलं आणि त्याने ऐनवेळी बॅट फिरवली, तर उरतात ते ०.०८ सेकंद. तिथे जगातला कुठलाच मेंदू काही करू शकत नाही. डोकं वळवायलाही वेळ मिळत नाही.

फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याच्या एका लीग सामन्यात भारताचा माजी कसोटीपटू रमण लांबा फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा राहिला. काही चेंडूंचाच प्रश्न होता. फटका डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो गेला. तो अनुभवी होता, चपळ होता. इथे कौशल्याचा संबंधच नव्हता.

सोलकरकडे तर हेल्मेटचा पर्यायच नव्हता. कसोटीत पहिलं हेल्मेट दिसलं मार्च १९७८ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यालपच्या डोक्यावर. सोलकरची शेवटची कसोटी त्याच्या वर्षभर आधीची, १९७७ ची. सात वर्षं तो टोपी घालून किंवा बोडक्याने तिथे उभा राहिला. म्हणून तुमचा मुलगा किंवा मुलगी रियाधला, डॅलसला, मेलबर्नला, कुठेही क्लबात खेळत असेल आणि प्रशिक्षक "दोनच ओव्हर उभी राहा" असं म्हणत असेल, तर हेल्मेट आधी. चेंडू षटकं मोजत नाही.

फलकावर नसलेला रकाना

शेवटी एक हिशोबाची गोष्ट. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर रूढ केला हेन्री चॅडविकने, १८५९ च्या सुमारास. हा माणूस जन्माने इंग्लिश आणि क्रिकेटचा वार्ताहर. क्रिकेटच्या धावफलकावरून त्याने बेसबॉलचा फलक बनवला. आजही बेसबॉलच्या फलकावर धावा आणि फटके यांच्या शेजारी "ई" असा रकाना असतो: एरर, क्षेत्ररक्षणातल्या चुका. त्यामुळे मॅकफीच्या ९७८ ला अर्थ येतो. हजार संधी माहीत आहेत, म्हणून टक्का काढता येतो. अर्थात त्यातही खोट आहे. जो चेंडूपर्यंत पोचलाच नाही त्याच्या नावावर चूक लागत नाही, आणि झेपावून हात लावणाऱ्याच्या नावावर लागू शकते.

क्रिकेटच्या जुन्या फलकावर मात्र एवढंच: झे. सोलकर, गो. वेंकटराघवन. किती संधी आल्या, किती सुटल्या, किती चेंडू दुसऱ्या कुणाला संधीही वाटली नसती, याची जागाच नाही. ५३ हा अंश आहे, छेद नाही. शिवाय अशा चार फिरकी गोलंदाजांसमोर उभा राहणाऱ्याला संधीही जास्त मिळणार, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. आकड्यांनी त्याची बाजू पूर्ण मांडता येत नाही, आणि तो गेल्यावर, २००५ नंतर, आता मोजायलाही कुणी उरलेलं नाही.

पण उरलेल्या चित्रफिती आहेत. पुढच्या वेळी ओव्हलचा तो झेल बघाल तेव्हा चेंडूकडे बघू नका, तो आपल्याला माहीत आहे. चेंडू बॅटीला लागायच्या आधीच्या क्षणी चित्रफीत थांबवा आणि सोलकरचे गुडघे बघा. हिंदू जिमखान्यावर फलकाचे आकडे बदलणाऱ्या त्या मुलाने पुढे जे काम केलं, त्याचा आकडा त्याच्या त्या फलकावर कधीच नव्हता. तो त्या गुडघ्यांत आहे.